फेरारी एफ८० : हिचे डोळे कुठे गेले?

घाटवळण
मंडळी, गाड्यांवर धागा काढायची माझी पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

ऑक्टोबर २०२४मध्ये फेरारीने एफ८० दाखवली तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. ही काही रोजची फेरारी नाही. १९८४ची जीटीओ, १९८७ची एफ४०, १९९५ची एफ५०, २००२ची एन्झो, २०१३ची लाफेरारी आणि आता ही. दहाएक वर्षांतून एकदा घराण्यात पाळणा हलतो, त्यातली. एकूण ७९९ गाड्या, इटलीतले कर धरून किंमत ३६ लाख युरो, आणि सगळ्यांना गिऱ्हाइकं आधीच ठरलेली. म्हणजे आपण घेणार नाही हे नक्की. त्यामुळे नावं ठेवायला आपण मोकळे.

फोटो टाकलाय, बघा. मागून बघितली की अंगावर काटा येतो. बाजूनेही झकास. पण समोर आलं की सगळं ओम् फस्स! या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी पट्टी आणि दिवे तिच्यात लपवलेले. डोळेच नाहीत हो! वेल्डिंगवाला तोंडासमोर मुखवटा धरून आपल्याकडे बघतोय असं वाटतं. लाफेरारीची नजर आठवा, एन्झोची आठवा. रागीट, पण नजर होती.

हे मलाच खुपतंय की तुम्हालाही?

मी_पामर
ॲव्हरेज किती देते?

खवचट_आजोबा
आला बघा. अजून धाग्याची शाईसुद्धा वाळली नाही.

सहा_सिलिंडर
घाटवळण, तुमचं खुपणं समजू शकतो, पण तुम्ही गाडीकडे चेहरा म्हणून बघताय. ती चेहरा म्हणून बनवलेलीच नाही. ताशी २५० किमी वेगात ही गाडी स्वतःला १०५० किलो वजनाने रस्त्यावर दाबते. त्यातले ४६० किलो पुढच्या चाकांवर आणि ५९० मागच्या. गाडीचं कोरडं (इंधन वगैरे न धरता) वजन १५२५ किलो, म्हणजे वाराच तिच्या पाठीवर दुसरी एक गाडी बसवतो म्हणा ना.

पुढचे ४६० किलो फुकट मिळत नाहीत. नाकाखालून घेतलेली हवा आतून वळवून बॉनेटमधून वर सोडली आहे. ते नाक म्हणजे खरं तर एकावर एक रचलेले पंख आहेत. मागचा पंख एरवी अंगात मिटलेला असतो, वेग वाढला की वर येतो आणि स्वतःचा कोनही बदलतो. बाजूला दारामागे जो खोल खड्डा दिसतो तो इंजिनाला आणि रेडिएटरला हवा पाजायला. यात नाकडोळे कुठे बसवणार? ही गाडी कागदावर नाही, वाऱ्याच्या बोगद्यात (विंड टनेलमध्ये) काढलेली आहे.

वरणफळं
+१. मला तर आवडली बुवा. ती काळी पट्टी म्हणजे गॉगल आहे. आमचे हे लग्नाच्या अल्बममध्ये तसाच घालून उभे आहेत.

विटा_रेती
@सहा_सिलिंडर, बाकी सगळं मान्य, पण वाऱ्याच्या नावाखाली काहीही खपवू नका. वाऱ्याला काळा रंग कळत नाही. तीच पट्टी त्याच आकारात लाल रंगवली असती तर दाब एक किलोनेही कमी झाला नसता. काळी करायची, दिवे आत दडवायचे, हा माणसाने घेतलेला निर्णय आहे. बोगद्याने नव्हे.

आणि तो माणूस कोण ते बघा. फ्लाव्हिओ मान्झोनी, २०१०पासून फेरारीचा डिझाइनप्रमुख. शिक्षणाने आर्किटेक्ट, आमच्याच जातीचा. लाफेरारीपासून या खास गाड्या पिनिनफारिना या बाहेरच्या डिझाइन कंपनीशिवाय घरातच आखल्या जातात. त्याआधी पिनिनफारिनाचे लोक गाडीला अंग द्यायचे, हे साहेब इमारत देतात. एफ८० तुम्ही जनावर समजून बघितलीत तर फसणार. ती वस्तू आहे, बांधकाम आहे. वर लाल, खाली काळं, आणि मधली रेघ अशी कापलेली की लाल भाग अधांतरी तरंगतोय असं वाटावं. खालचा काळा मजला यंत्राचा, वरचा लाल शिल्पकाराचा. पाठीवर सहा फटी आहेत, सहा सिलिंडरना एकेक. हे सगळं मला बेहद्द आवडतं.

फक्त ती पट्टी मलाही पटत नाही. दर्शनी भिंत सुंदर आणि दरवाजाला शटर, असं काहीतरी झालंय.

घाटवळण
शटर! नेमका शब्द. धन्यवाद.

डिकीत_स्टेपनी
अहो पण ही पट्टी आजची नाही. १९६८च्या पॅरिस प्रदर्शनातली फेरारीचीच डेटोना, म्हणजे ३६५ जीटीबी/४ बघा. तिलाही नाकावर आडवी पट्टी होती. मे २०२४मध्ये आलेल्या दोदिची चिलिंद्री या फेरारीवर तीच परत आणली, आता एफ८०वर. म्हणजे आजीची नथ नातीला घातलीय. यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

घाटवळण
आजीची पट्टी पारदर्शक होती साहेब. काचेसारख्या ॲक्रिलिकमागे दिवे चक्क दिसायचे. पुढे अमेरिकेच्या नियमांपायी ती पट्टी गेली आणि उघडझाप करणारे दिवे आले. आजीने चष्मा लावला होता, नातीने डोळ्यांवर पट्टी बांधलीय. आंधळी कोशिंबीर खेळायला निघाल्यासारखी.

खवचट_आजोबा
हसून हसून पुरे वाट. आंधळी कोशिंबीर, आणि तीही १२०० अश्वशक्तीची. समोरच्याने सांभाळून राहावे.

बंड्या_नाशिककर
ते सगळं सोडा. एवढ्या पैशात सहाच सिलिंडर? एफ५०, एन्झो, लाफेरारी, सगळ्यांना बारा होते. आमच्याकडे द्राक्षाच्या ट्रकला पण सहा असतात.

सहा_सिलिंडर
बंड्या, माझं नाव वाचून तरी बोलायचं होतंस.

तीन लिटरचं इंजिन एकटं ९०० अश्वशक्ती देतं, म्हणजे लिटरमागे ३००. उरलेली ३०० विजेच्या मोटारींची. फेरारीच्या ज्या ४९९पी या रेसगाडीने २०२३, २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ तीनदा ल मान्सची शर्यत मारली, तिच्यातलं इंजिन याच घराण्याचं. आणि याचा दिसण्याशी थेट संबंध आहे, म्हणून विषयांतर नाही. व्ही६, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे दोन रांगांत मांडलेले सहा सिलिंडर, आखूड असतो. १२० अंशांत पसरलेला असल्यामुळे बुटकाही असतो. तो गाडीत खाली बसतो, इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १.३ अंशांनी कलते बसवलेत, त्यामुळे गाडीचा तळ मागच्या बाजूला लवकर वर उचलता आला. खालचा तो डिफ्यूझर, म्हणजे तळाखालची हवा मागे सोडणारा भाग, १८०० मिलिमीटर लांब आहे, साधारण आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा. घाटवळणना मागून अंगावर काटा येतो ना? तो याच सहा सिलिंडरमुळे येतो. बारा बसवले असते तर हे ढुंगण मिळालं नसतं.

खवचट_आजोबा
भाषा! इथे लेकीबाळी वाचतात.

वरणफळं
लेकीबाळी हसतायत, आजोबा.

मला आत बसायच्या जागेबद्दल बोलायचंय. चालकाची सीट लाल. शेजारची काळी, आणि थोडी मागे सरकवलेली, म्हणे त्यामुळे दोघांचे खांदे एकमेकांना लागत नाहीत आणि केबिन लाफेरारीपेक्षा ५० मिलिमीटर अरुंद करता आली. फेरारी स्वतःच याला 'एक अधिक' म्हणते. अधिक म्हणजे मी! काळ्या सीटवर, अर्धं पाऊल मागे, बाहेरून दिसूसुद्धा नये अशी. सप्तपदीपासून हेच चाललंय, आता इटलीपर्यंत पोचलं.

डिकीत_स्टेपनी
आमच्या वडिलांच्या स्कूटरला साइडकार होती, आई त्यात बसायची. तिला आत्ता फोटो दाखवला. म्हणाली, "यापेक्षा माझं बरं होतं, निदान माझं तोंड वाऱ्याला होतं."

घाटवळण
काकूंना नमस्कार सांगा.

ठोकापिटी
कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. सुपरकार काही आपल्याकडं येत नाहीत, पण पत्रा कळतो. बोलू का थोडं?

गाडीचं दिसणं आम्ही डोळ्यानं समोरून बघत नाही. पॅनेल तयार झालं की शेजारी ट्यूबलाइट उभी करायची आणि तिचं प्रतिबिंब पत्र्यावर बघत बघत चालायचं. रेघ सरळ सरकली तर काम झालं. कुठं ती पाण्यातल्या काठीगत मोडली, की तिथं हात फिरवायचा, खड्डा सापडतोच. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण उन्हात गाडी उभी केली की त्याला काहीतरी चुकल्यागत वाटतं. का ते सांगता येत नाही.

या गाडीचे फोटो मी त्या नजरेनं बघितले. मागच्या चाकावरचा जो उभार आहे ना, तिथं प्रकाशाची रेघ येते, वळते, आणि खांद्यावर एकदम थांबते, चाकूनं कापल्यागत. जुन्या फेरारीत ती रेघ विरघळत जायची. हितं मुद्दाम तोडलीय. अवघड काम हाय ते, धारेला फिलर चालत नाही, रंग पण धारेवर पातळ बसतो. ज्यानं केलंय त्याला मुजरा.

पट्टीचं म्हणाल तर, माझा पोरगा म्हणतो भारी आहे. पोराला पण आता गाडी पुढनं ओळखता येत नाही ते वेगळं. सगळ्याच कंपन्या आडवी पट्टी लावायला लागल्यात. बंपर बदलून घ्यायला आलेल्या चार गाड्या शेजारी लावल्या की लोगो बघूनच ओळखायच्या.

विटा_रेती
ठोकापिटी, शाळेत असे शिक्षक मिळायला हवे होते. 'रेघ मुद्दाम तोडलीय' हे मला इतकं नेमकं सांगताच आलं नसतं.

सहा_सिलिंडर
+१००. दादा, एफ४०बद्दल काय मत?

ठोकापिटी
तिचा रंग एवढा पातळ मारला होता की खालची कार्बनची वीण दिसायची. आमच्याकडं असं काम केलं तर गिऱ्हाईक दुसरा कोट मागंल :)

मी_पामर
पण ॲव्हरेज?

कुर्ला_पद्मिनी
इथे सगळे इटलीच्या गोष्टी सांगतायत म्हणून माझंही एक घ्या. आमचे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होते. फियाट ११००ची पद्मिनी झाली ती तिथेच. आणि १९६९मध्ये त्याच फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी ही फेरारीची चुलत बहीणच की! शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली, वीस वर्षं भरली तशी २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. गोल दिवे, वर क्रोमची भुवई. ती तुमच्याकडे बघायची. रात्री अकराला दादर स्टेशनाबाहेर रांगेत उभ्या असायच्या तेव्हा कुठली बाई दमलीय आणि कुठली भांडणार हे लांबून कळायचं.

घाटवळण काय म्हणतायत ते मला पक्कं समजतंय.

डिकीत_स्टेपनी
मुंबई आणि फेरारी निघालंच आहे तर सचिनची ३६० मोडेना कोण विसरलं? ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२मध्ये फियाटने दिली, शूमाकरच्या हस्ते. मग आयातशुल्क माफीवरून केवढा गदारोळ! शेवटी फियाटनेच शुल्क भरलं.

बंड्या_नाशिककर
आणि पुढे सचिनने ती सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

खवचट_आजोबा
तो दिवस सोमवार असेल, उपास असेल तुझा. विषयावर या रे. धागा एफ८०च्या डोळ्यांचा आहे.

तिखट_चटणी
मला मुळात या गाडीत काही नवीन दिसत नाही. त्याच महिन्यात मॅक्लारेनची डब्ल्यू१ आली, ३९९ गाड्या, १२७५ अश्वशक्ती. तिचाही आकार वाऱ्यानेच काढलाय, पण तिला बघून आपल्याला मॅक्लारेनचीच एफ१ नावाची जुनी गाडी आठवते, जिच्यात चालक मधोमध बसायचा. फेरारीला बघून मला स्पेसशिप आठवतं. वर्तमानकाळातली फेरारी कुठाय? एकतर आजीची पट्टी, नाहीतर २०८०चं विमान.

आणि डिझायनर गांदिनी असता तर? १९७१मध्ये त्याने आखलेली लॅम्बोर्गिनीची काऊन्टाश दाखवली तेव्हा जिनिव्हात लोकांनी तोंडात बोटं घातली होती. पाचरीसारखी गाडी, ना चेहरा ना नजर, दिवे पत्र्याखाली मिटलेले. मग आपण तिचे पोस्टर भिंतीवर का लावले?

घाटवळण
हा घाव बरोबर बसला. काऊन्टाशचं पोस्टर माझ्याही भिंतीवर होतं, चार कोपऱ्यांना भात लावून चिकटवलेलं.

पण मिटलेले डोळे आणि नसलेले डोळे यात फरक आहे ना. काऊन्टाशच्या बॉनेटवर पापणीची रेघ दिसायची. ठाऊक असायचं की रात्री उघडणार.

शाडू
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या एका वाक्यासाठी.

मी पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासून. आत्ता शेडमध्ये शेकड्याने मूर्ती उभ्या आहेत. अंगरंग झालाय, सोनेरी झालंय, पितांबर झालाय. डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती सगळ्यांनी करायची नसते. आमच्याकडे एकच काका करतात. बारीक कुंचला, डावा हात उजव्या मनगटाखाली, रेघ ओढताना श्वास धरलेला. बुबुळ मधोमध ठेवत नाहीत, किंचित खाली घेतात, कारण बघणारा पाटावर बसलेला असतो.

तोवर शेडमध्ये आम्ही कसेही वावरतो. मूर्तीच्या खांद्याला टेकून चहा पितो, गाणी लावतो. काकांनी ज्या रांगेची आखणी संपवली त्या रांगेत आपोआप आवाज खाली येतो. कुणी सांगत नाही.

घाटवळण, तुम्ही टाकलेला फोटो बघून मला बिनआखणीची रांग आठवली. सगळं काम पूर्ण, रंग अप्रतिम, आणि टेकून चहा प्यावा असं वाटणारी गाडी. वाईट म्हणत नाही. पण दरारा नाही.

वरणफळं
काय लिहिलंयत. दोनदा वाचलं.

सहा_सिलिंडर
वाद घालायची इच्छाच गेली. तरी एक शंका. तुम्ही सगळे फोटोवरून बोलताय, आणि तेही दिवसाउजेडी, स्टुडिओतल्या. इथे कुणी ती प्रत्यक्ष पाहिलीय का?

मोदेनाकर
हजर. नोकरीसाठी चार वर्षं इटलीत, मोदेनात आहे (फेरारीत नाही, हेवा करू नका. मी पॅकिंगच्या मशिनांचं बघतो). फेरारीचं गाव मारानेल्लो इथून वीसेक किलोमीटर. तिकडे चाचणीच्या गाड्या रस्त्यावर सर्रास फिरतात, बेकरीतून ब्रेड घेऊन बाहेर पडावं आणि समोरून चार फेरारी जाव्यात हे नेहमीचं. स्थानिक म्हाताऱ्या मान वर करत नाहीत.

एफ८० दोनदा पाहिली. पहिल्यांदा दुपारी, कारखान्यासमोरच्या आबेतोने रस्त्यावर सिग्नलला. फोटोत दिसते त्यापेक्षा बुटकी आणि फार रुंद. तेव्हा मला घाटवळणसारखंच वाटलं, नाकाचा काळा भाग डांबरात मिसळून जातो आणि लाल बॉनेट नुसतंच हवेत पुढे येतंय असं दिसतं. विचित्र वाटलं. शेजारच्या व्हॅनमधला प्लंबर शिट्टी वाजवून मोकळा झाला, मी नाही.

दुसऱ्यांदा गेल्या आठवड्यात, संध्याकाळी. इथे हिवाळ्यात पो नदीच्या मैदानातून धुकं येतं, पन्नास मीटरवरचं दिसत नाही. मी सायकल हातात धरून चाललो होतो. समोर धुक्यात आधी काहीच नव्हतं. मग पट्टीच्या दोन टोकांचे बारीक दिवे तेवढे दिसले, एकमेकांपासून इतके लांब की आधी दोन मोटरसायकली वाटल्या. मधलं काळं अजिबात दिसत नव्हतं. ते जवळ येत गेले आणि मधला अंधार सलग आहे, ती एकच गाडी आहे, हे कळायला मला दोन सेकंद लागले. मी सायकलसकट रस्त्याच्या कडेच्या गवतात उतरलो. फोटो काढलाय, पण त्यात धुकं आणि माझं हँडल एवढंच आलंय.

शाडू
गवतात उतरलात ना? मग आखणी आहे. फक्त रात्री दिसते.

विटा_रेती
म्हणजे शटर दिवसा बंद आणि रात्री उघडं. हे दुकान तरी कसलं?

खवचट_आजोबा
ते विचारू नये.

ठोकापिटी
मोदेनाकर भाऊ, पुढच्या वेळी मागच्या खांद्यावरची ती रेघ बघा की, धारेवर रंग कसा बसलाय. हात लावू देतील तर लावा.

मोदेनाकर
हात लावला तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातील दादा. बघून नक्की सांगतो.

घाटवळण
सगळ्यांचे आभार, एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. मोदेनाकर, तुमचा धुक्यातला परिच्छेद वाचून मी फोटो परत उघडला, खोलीतला दिवा घालवून. थोडं पटतंय. पण थोडंच. रात्री बघणारे किती? गाडी जास्त करून उभी असताना दिसते, दिवे बंद असताना. माझा आक्षेप त्या वेळचा आहे.

कुर्ला_पद्मिनी
आणि त्या ७९९मधल्या बऱ्याचशा उभ्याच असणार. गालिच्यावर, कापड पांघरून.

वरणफळं
कापड पांघरलं की डोळे असले काय, नसले काय. शेजारची सीट तरी तेवढी पुढे घ्या म्हणावं.

मी_पामर
उभीच असणार असेल तर ॲव्हरेजचा प्रश्न मी मागे घेतो.